हिपॅटायटिस-बी विषाणू : रचना, यकृतपेशीतील वृद्धी आणि वैद्याचे उत्तरदायित्व

कामला हा आपणा सर्वांच्या नित्य परिचयाचा व्याधी आहे. नेत्र, त्वचा, नख व मूत्र यांचा पीतवर्ण पाहावा, पुरीषाचा वर्ण विचारावा, कामला कोष्ठाश्रित आहे की शाखाश्रित याचा निर्णय करावा आणि तदनुसार चिकित्सा योजावी, ही परंपरा चरकसंहितेतील पांडुरोगाच्या अध्यायापासून चालत आलेली आहे. परंतु अलीकडे आपल्या चिकित्सालयांत ‘कावीळ झाली’ म्हणून येणारा एक रुग्ण असा असतो की, त्याच्या ठिकाणी पीतता नाही, अरुची नाही, ज्वरही नाही. त्याच्या हाती असतो केवळ एक कागद. रक्तदान शिबिरात, नोकरीपूर्वीच्या तपासणीत, शस्त्रकर्मापूर्वी अथवा गर्भिणीच्या नेहमीच्या रक्ततपासणीत ‘एचबीएसएजी पॉझिटिव्ह’ असा शेरा आलेला असतो. आम्हांला ऐकावा लागणारा प्रश्नही बहुधा एकच असतो : “डॉक्टर, हा रिपोर्ट निगेटिव्ह होईल असे काही औषध द्या.”

या प्रश्नास उत्तर देण्यापूर्वी तो कागद नेमके काय सांगतो, हे वैद्यास ठाऊक असणे आवश्यक आहे. यकृताचा शोथ उतरणे, रक्तातील विषाणू कमी होणे आणि विषाणूचे मूळ नाहीसे होणे या तीन गोष्टी परस्परांहून भिन्न आहेत. त्यांची गल्लत झाल्यास रुग्णाला चुकीचा शब्द दिला जातो आणि त्याची किंमत तो पुढे दहा-वीस वर्षांनी यकृतकाठिण्याच्या अथवा यकृताच्या कर्करोगाच्या रूपाने मोजतो. हा भेद विषाणूच्या रचनेतून व त्याच्या वृद्धीच्या क्रमातून स्पष्ट होतो, म्हणून त्याचे विवेचन प्रस्तुत लेखात करीत आहोत.

विषाणू आणि जिवाणू

जिवाणू ही स्वतंत्र पेशी आहे. तिला स्वतःचा चयापचय आहे, प्रथिने घडविणारी स्वतःची यंत्रणा आहे. या यंत्रणेवर आघात करूनच प्रतिजैविके जिवाणूंचा नाश करतात. विषाणूजवळ यांपैकी काहीच नाही. डीएनए अथवा आरएनए यांपैकी एकात लिहिलेला संदेश, त्याभोवती प्रथिनांचे कवच आणि काही विषाणूंत त्यावर मेदयुक्त आवरण, एवढाच त्याचा संसार. पेशीबाहेर तो निश्चेष्ट असतो, पेशीत शिरला म्हणजे तिच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती करवून घेतो. छापखान्यात कोणी परका मजकूर घुसडावा आणि मालकाच्याच यंत्रावर, त्याच्याच शाईने व कागदावर त्याच्या हजारो प्रती निघाव्यात, तसा हा प्रकार आहे. विषाणूजन्य व्याधीत प्रतिजैविके निरुपयोगी का ठरतात आणि पेशीस इजा न करता विषाणूस रोखणारे औषध मिळणे दुर्घट का असते, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर यातच आहे.

शोध आणि रचना

१९६५ साली अमेरिकी संशोधक बारूख ब्लुमबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी व्यक्तीच्या रक्तरसात आढळलेल्या अपरिचित प्रतिजनाविषयी निबंध प्रसिद्ध केला. त्यास ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ हे नाव पडले. हेच आजचे एचबीएसएजी, म्हणजे विषाणूच्या बाह्य आवरणातील प्रथिन. पूर्ण विषाणूकण १९७० साली डेव्हिड डेन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखविला. ब्लुमबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा जन्मदिवस २८ जुलै हाच जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो.

या विषाणूकणाचा व्यास सुमारे ४२ नॅनोमीटर आहे. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. तेव्हा एका मिलिमीटरच्या अंतरात असे जवळजवळ २४,००० कण ओळीने बसतील. कणाची रचना बाहेरून आत अशी आहे :

१. बाह्य आवरण : यकृतपेशीकडूनच घेतलेला मेदाचा थर व त्यात रोवलेली लहान, मध्यम व मोठी अशी तीन आकारांची आवरण-प्रथिने. एचबीएसएजी ही तपासणी यांचीच होय.

२. अंतःकवच : एकाच प्रथिनाच्या बहुधा २४० प्रतींनी रचलेला वीस पृष्ठांचा सममित गोलक.

३. गाभा : वर्तुळाकार डीएनए व त्यास चिकटलेले पॉलिमरेज हे एन्झाइम. या डीएनएचे वैशिष्ट्य असे की, त्याचा एक धागा पूर्ण असतो व दुसरा अपुरा.

हा संपूर्ण संदेश अवघा ३,२०० अक्षरांचा आहे. मानवी गुणसूत्रांच्या एका संचात अशी सुमारे तीन अब्ज अक्षरे असतात, म्हणजे विषाणूचा ग्रंथ आपल्या ग्रंथाच्या दहा लाखाव्या भागाएवढा. एवढ्याशा जागेत चार जनुके बसविण्यासाठी ती एकमेकांवर चढविलेली आहेत. तोच मजकूर एका अक्षरापासून वाचला तर एक प्रथिन आणि पुढच्या अक्षरापासून वाचला तर दुसरे, अशी ही काटकसर आहे.

पूर्ण कणांखेरीज रुग्णाच्या रक्तात २२ नॅनोमीटरचे गोल व लांबट कणही असतात. ही नुसती रिकामी आवरणे होत. त्यांच्यात डीएनए नसल्याने ती संसर्ग करू शकत नाहीत. त्यांची संख्या पूर्ण विषाणूंच्या हजारपट ते लाखपट असू शकते. आपली प्रतिकारशक्ती त्यांच्यावरच खर्ची पडते आणि खरा विषाणू निसटतो. १९८१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली पहिली लस रक्तरसातील याच रिकाम्या आवरणांपासून केली होती. १९८६ पासून तेच प्रथिन यीस्टच्या पेशींकडून तयार करून घेतले जाते, त्यामुळे आजच्या लसीत मानवी रक्ताचा संबंध राहिलेला नाही. भारतात हैदराबाद येथील शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली ही लस तयार केली आणि तिची किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली.

यकृतपेशीतील वृद्धीचा क्रम

संलग्नता : विषाणू प्रथम यकृतपेशीच्या पृष्ठभागावर शिथिलपणे टेकतो. त्यानंतर त्याचे मोठे आवरण-प्रथिन पेशीवरील ‘एनटीसीपी’ या प्रथिनास घट्ट धरते. हा दुवा २०१२ साली चीनमधील संशोधकांनी उकलला. रक्तातील पित्तलवणे पुन्हा यकृतपेशीत ओढून घेणे हे या प्रथिनाचे नित्य कार्य आहे. यकृत हेच या विषाणूचे अधिष्ठान का, याचे मोठे कारण हे की, हे द्वार मुख्यतः यकृतपेशीवरच असते. पित्तवह यंत्रणेचेच द्वार विषाणूने निवडावे हे वाचून आपले मन साहजिकच पित्तदोषाकडे वळेल. तथापि पित्तलवणे हे द्रव्य व पित्त हा दोष यांस एक समजून मोठा निष्कर्ष काढण्याचा मोह आवरावा, असे आमचे मत आहे.

प्रवेश : पेशीत शिरताना आवरण गळते. अंतःकवच केंद्रकाच्या छिद्रापर्यंत पोहोचते व डीएनए केंद्रकात सोडला जातो.

बंद वलयाची निर्मिती : संपूर्ण क्रमातील हा कळीचा टप्पा होय. पेशीत स्वतःच्या डीएनएची डागडुजी करणारी एन्झाइमे असतात. तीच विषाणूचा अपुरा धागा पुरा करतात आणि दोन्ही टोके सांधून पूर्ण बंद असे वलय तयार करतात. त्यास सीसीसी-डीएनए म्हणतात. आपली गुणसूत्रे ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेली असतात, त्यांच्याभोवतीच हे वलयही गुंडाळले जाते आणि एखाद्या लहानशा गुणसूत्राप्रमाणे केंद्रकात ठाण मांडून बसते. छापखान्याच्या दृष्टान्तात हा छपाईचा साचा होय.

प्रतिलेखन : पेशीचे एन्झाइम या वलयावरून आरएनएच्या प्रती काढते. काहींपासून आवरण-प्रथिने, अंतःकवच, पॉलिमरेज इत्यादी घटक बनतात. वलयाच्या एकूण लांबीहून किंचित मोठी अशी एक प्रत मात्र पुढील पिढीचा संदेश म्हणून राखून ठेवली जाते.

उलट लेखन : ही आरएनए प्रत व पॉलिमरेज एका नव्या अंतःकवचात बंद होतात. तेथे पॉलिमरेज आरएनएवरून पुन्हा डीएनए लिहिते. या क्रियेस रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन म्हणतात. एचआयव्ही विषाणूतही ही क्रिया होते, म्हणूनच टेनोफोव्हिरसारखे औषध दोन्ही व्याधींत वापरले जाते.

निर्गमन व पुनरागमन : तयार झालेले काही गोलक आवरण घेऊन पेशीबाहेर पडतात, तर काही मागे वळून त्याच पेशीच्या केंद्रकात जातात व तेथील वलयांच्या साठ्यात भर घालतात. याखेरीज विषाणूच्या डीएनएचे काही तुकडे आपल्या गुणसूत्रांत कायमचे शिरतात. अशा तुकड्यापासून पूर्ण विषाणू बनत नाही, परंतु एचबीएसएजी बनत राहू शकते आणि कर्करोगाच्या निर्मितीसही ते साहाय्यभूत होते.

पेशीचा घात कोण करतो?

हा विषाणू बहुधा यकृतपेशीस स्वतः मारीत नाही. बाधित पेशी ओळखून तिचा नाश करते ती आपलीच प्रतिकारयंत्रणा. एसजीपीटी वाढणे, शोथ व कामला ही या संघर्षाची लक्षणे होत. प्रतिकार त्वरित व पुरेसा झाला तर प्रौढ रुग्ण कामलेतून जातो व संसर्गमुक्त होतो. निरोगी प्रौढांत हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास आहे. नवजात अर्भकाची प्रतिकारयंत्रणा मात्र विषाणूस परका मानीत नाही, त्यामुळे जन्माच्या वेळी बाधित झालेल्या अर्भकांपैकी सुमारे ९० टक्के दीर्घकालीन वाहक होतात. पुढे अनेक वर्षे अपुरा, अर्धवट संघर्ष चालू राहतो. पेशी मरतात, तेथे तंतू साचतात आणि यकृत कठीण होत जाते.

यावरून वैद्यांनी दोन बोध घ्यावेत असे वाटते. तीव्र ‘बी’ कामलेचे प्रौढ रुग्ण कोणत्याही चिकित्सेने, किंबहुना केवळ पथ्य व विश्रांतीनेही, बहुसंख्येने बरे होतात. तेव्हा अशा रुग्णांचे ‘निगेटिव्ह’ झालेले अहवाल एखाद्या कल्पाच्या यशाचा पुरावा म्हणून मांडता येत नाहीत. दुसरे असे की, यकृताची हानी प्रतिकाराच्या संघर्षातूनच होत असल्याने ‘प्रतिकारशक्ती वाढविणारे’ औषध या व्याधीत सरसकट हितकरच असेल असे गृहीत धरता येत नाही.

तपासण्या काय सांगतात?

एचबीएसएजी : पेशींत आवरण-प्रथिन बनत आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ ते आढळल्यास संसर्ग दीर्घकालीन समजावा.

अँटी-एचबीसी आयजीएम : बहुधा नुकता झालेला संसर्ग. क्वचित जुना संसर्ग उफाळल्यावरही ही तपासणी सकारात्मक येते.

एचबीईएजी : सकारात्मक असल्यास विषाणूची वृद्धी साधारणतः जोमात असते. नकारात्मक असला तरी धोका टळला असे नाही, कारण हे प्रथिन न बनविणारे विषाणू-प्रकारही आहेत.

एचबीव्ही डीएनए : रक्तातील विषाणूंचे प्रमाण, म्हणजे छापून बाहेर पडलेल्या प्रती.

एसजीपीटी : यकृतपेशींची इजा. ही विषाणूंची मोजणी नव्हे.

अँटी-एचबीएस : संरक्षक प्रतिपिंडे. केवळ लस घेतलेल्यात हीच एकटी आढळतात. पूर्वी संसर्ग होऊन गेलेल्यात यांच्याबरोबर अँटी-एचबीसीही आढळतात.

यांपैकी एकही नित्य तपासणी केंद्रकातील वलय मोजीत नाही, हे ध्यानी ठेवावे. एसजीपीटी प्राकृत झाला म्हणजे शोथ उतरला, डीएनए आढळेनासा झाला म्हणजे प्रती थांबल्या, पण साचा तसाच असू शकतो. एचबीएसएजी जाऊन वर्षे लोटलेल्या रुग्णातही कर्करोगाच्या अथवा प्रतिकार दडपणाऱ्या औषधांमुळे हा व्याधी पुन्हा उफाळल्याची नोंद आहे. वलय उरते याचे याहून स्पष्ट प्रमाण नाही.

औषधांचे कार्यस्थान आणि भूम्यामलकीचा धडा

टेनोफोव्हिर व एन्टेकॅव्हिर ही औषधे उलट लेखनाची क्रिया रोखतात. त्यामुळे रक्तातील विषाणू घटतात, शोथ उतरतो, यकृतकाठिण्य व कर्करोग यांची शक्यता कमी होते. वलयावर मात्र त्यांचा थेट आघात होत नाही. म्हणूनच ती बहुधा वर्षानुवर्षे घ्यावी लागतात आणि अचानक थांबविल्यास व्याधी उग्र रूपाने, प्रसंगी प्राणघातक रीतीने, उलटू शकतो. “आमचे औषध सुरू करा व ती गोळी बंद करा” हे वाक्य या व्याधीत वैद्याच्या मुखातून कदापि निघता कामा नये.

भूम्यामलकीचा, म्हणजे आपल्या भुईआवळीचा, इतिहास या संदर्भात मननीय आहे. १९८७ साली ब्लुमबर्ग व सहकाऱ्यांनी तिच्या अर्काने प्रयोगशाळेत विषाणूचे पॉलिमरेज रोधले जाते असे दाखविले. १९८८ साली मद्रास येथील थ्यागराजन व सहकाऱ्यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात ३० दिवस चूर्ण दिलेल्या ३७ वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातून एचबीएसएजी नाहीसे झाल्याचे व आभासी औषध दिलेल्या २३ पैकी केवळ एकाचे तसे झाल्याचे नमूद होते. दीर्घकालीन वाहकांत हे आपोआप घडण्याचे प्रमाण वर्षाला सुमारे एक टक्का असते, हे पाहता हा निष्कर्ष विलक्षण होता. परंतु १९९० साली थायलंडमध्ये तसाच प्रयोग केला असता तो प्रत्यय आला नाही. कॉक्रेनच्या २०११ सालच्या समालोचनातही या वनस्पतीच्या उपयुक्ततेस खात्रीशीर आधार आढळला नाही.

यावरून भूम्यामलकी त्याज्य ठरते असे आम्ही म्हणत नाही. कामलेतील तिचे स्थान परंपरेने दिलेले आहे. आमचा मुद्दा इतकाच की, परीक्षानलिकेत एन्झाइम रोधले जाणे आणि रुग्णाच्या यकृतपेशीतून विषाणूचे मूळ जाणे यांत फार मोठे अंतर आहे, आणि एका प्रयोगाचे फळ दुसऱ्याने पडताळावे लागते. औषधनिर्मात्यांसाठी आणखी एक बाब : भुईआवळी या एकाच नावाने फायलँथस प्रजातीतील निरनिराळ्या जाती बाजारात येतात. कच्च्या द्रव्याची वनस्पतिशास्त्रीय ओळख पटविल्याविना केलेला कोणताही दावा मुळातच निराधार होय.

व्यवहारात पाळावयाचे नियम

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात २५.४ कोटी लोकांना दीर्घकालीन ‘बी’ संसर्ग होता, त्यांपैकी सुमारे २.९८ कोटी भारतात होते. बहुसंख्य बाधितांना आपल्या स्थितीची कल्पनाही नसते. तेव्हा असे रुग्ण आपणा प्रत्येकाकडे येतच आहेत असे समजून पुढील गोष्टी कराव्यात.

१. कामलेच्या प्रत्येक रुग्णात किमान एचबीएसएजी तपासून घ्यावे. ते सकारात्मक आल्यास यकृततज्ज्ञांचा सल्ला, डीएनए तपासणी व नियमित पाठपुरावा यांचा आग्रह धरावा. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी व औषधे विनामूल्य देण्याची योजना आहे, ती माहिती रुग्णास द्यावी.

२. उदरात जलसंचय, रक्तवमन, काळे मल, दिवसा झोप व रात्री जागरण, भ्रम ही लक्षणे दिसताच शोधनाचा विचार न करता रुग्णास रुग्णालयात पाठवावे.

३. विद्धकर्म व सिरावेध यांच्या सुया प्रत्येक रुग्णास नव्या असाव्यात. अग्निकर्माची शलाका, क्षारसूत्राची उपकरणे व कर्णवेधाचे साहित्य ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करावे. हा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस टिकतो. स्पिरिटचा बोळा फिरवून तो जात नाही. २००९ साली गुजरातेत साबरकांठा जिल्ह्यातील मोडासा परिसरात सिरिंजांच्या पुनर्वापरातून झालेला या व्याधीचा उद्रेक व त्यातील मृत्यू विसरता येणार नाहीत.

४. जलौकावचरणात एका रुग्णाची जलौका दुसऱ्यास कदापि लावू नये. हरिद्राजलात वमन करविल्याने जलौका पुन्हा रक्तग्रहणास समर्थ होते, निर्जंतुक होत नाही.

५. रुग्णाच्या पती वा पत्नीची व कुटुंबीयांची तपासणी व लसीकरण करवावे. प्रत्येक नवजात अर्भकास २४ तासांच्या आत लस मिळावी. माता बाधित असल्यास त्याबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. वैद्यांनी, परिचारकांनी व पंचकर्म सहायकांनी स्वतः तीन मात्रा पूर्ण कराव्यात.

६. एकत्र जेवण, स्पर्श, आलिंगन यांतून हा व्याधी पसरत नाही हे घरच्यांना स्पष्ट सांगावे. वेगळे ताट-वाटी मांडलेले रुग्ण आम्ही पाहिले आहेत. हे दुःख वैद्याच्या एका वाक्याने टळते.

७. औषधनिर्मात्यांनी व औषधविक्रेत्यांनी ‘हिपॅटायटिस-बी समूळ नष्ट’, ‘रिपोर्ट निगेटिव्ह’ अशी वाक्ये वेष्टनांवर व पत्रकांवर छापू नयेत आणि तशी औषधे दुकानात मांडू नयेत. अशा वाक्यावर विसंबून जो रुग्ण तपासणी सोडतो, तो पुन्हा येतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

मद्यवर्जन, लघु व हितकर आहार, अग्नीचे रक्षण, निद्रा, आणि यकृताची स्थिती पाहून युक्तीने योजलेली औषधी या बाबतीत आयुर्वेदीय वैद्य रुग्णाचा दीर्घकाळचा सोबती होऊ शकतो. अनेक वर्षे दर सहा महिन्यांनी तपासणीची आठवण करून देणारा, गोळी चुकू न देणारा व घरच्यांची भीती घालविणारा वैद्य या व्याधीत मोलाचा आहे. “रिपोर्ट निगेटिव्ह करून द्या” या विनंतीस आमचे उत्तर असे असते : विषाणूचे मूळ पेशीच्या केंद्रकात आहे, तेथे हमखास पोहोचणारे औषध आज कोणत्याही शास्त्रापाशी नाही, परंतु यकृत सुरक्षित ठेवणे पुष्कळ अंशी शक्य आहे आणि त्यासाठी आपणास वरचेवर भेटावे लागेल. हे ऐकून रुग्ण क्षणभर निराश होतो, पण बहुधा पुन्हा येतो. ज्यास खोटी हमी मिळते तो तपासणी सोडून देतो. आपल्या सर्व वैद्यबंधूंनी व भगिनींनी हा भेद ध्यानी घ्यावा, इतकीच विनंती.